दोन सेंटिमीटरची गाठ आणि उभ्या आयुष्याची चिरफाड

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर, घरापुढच्या ओट्यावर बसून एका बाईने प्लास्टिकच्या पिशवीतली आपली फाईल आमच्यापुढे रिकामी केली. औषधांची बिले, रक्ताचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि घड्या घालून घालून मधोमध फाटत आलेला सोनोग्राफीचा कागद. बाईचे वय पस्तीस. गर्भाशय काढले तेव्हा एकोणतीस. त्या इंग्रजी कागदावर लिहिले होते त्याचा अर्थ असा: गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला दोन सेंटिमीटरची फायब्रॉइडची एक गाठ; गर्भाशयाचा आकार नेहमीचा; दोन्ही बीजकोश नेहमीसारखे. हा अर्थ सहा वर्षांत तिला कुणीही सांगितला नव्हता. सांगितले होते ते वेगळेच. "पिशवी सडलीय म्हनले. आत्ता काढली न्हाई तर कॅन्सर व्हईल म्हनले." ती दवाखान्यात गेली होती ती कंबर दुखते आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून. ऊसतोडीच्या मुकादमाकडून तीस हजारांची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली, ऑपरेशन झाले, महिनाभरात ती पुन्हा उसाच्या फडात उभी राहिली आणि पुढचे दोन हंगाम मोळ्या वाहून तिने ती उचल फेडली.

अंगावरून पांढरे जाणे हा अनेकदा जंतुसंसर्ग असतो आणि आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. बाहेरच्या अंगाची दोन सेंटिमीटरची गाठ सहसा काहीच करत नाही. जिच्या पोटात ती असते तिला तिचा पत्ताही नसतो. म्हणजे जो आजार होता त्यावर उपचार झाला नाही आणि जी गाठ निरुपद्रवी होती तिच्यासाठी एका तरुण बाईचे अख्खे गर्भाशय कापून काढले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! याला आम्ही उपचार म्हणणार नाही. घाबरवून केलेली ही लूट आहे, आणि जी वस्तू लुटली ती परत करता येत नाही.

फायब्रॉइड म्हणजे काय हे या राज्यातल्या प्रत्येक बाईला, आणि तिच्या नवऱ्याला, मराठीत कळलेच पाहिजे. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्या स्नायूतली एखादी पेशी वाढत वाढत जाते, तिच्याभोवती तंतू जमतात आणि घट्ट, गोल, रबरी चेंडूसारखी गाठ तयार होते. ती वाटाण्याएवढी असू शकते, नारळाएवढीही. एकच असते किंवा दहा-वीसही असतात. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसली जाते, म्हणून ऐन उमेदीच्या वयात वाढते आणि पाळी कायमची गेली की बहुधा आपोआप आक्रसते. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. ती कुणाच्या नजरेने होत नाही, गरम खाल्ल्याने होत नाही, पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही. अमेरिकेत सोनोग्राफी करून केलेल्या पाहणीत पन्नाशीपर्यंत सत्तर टक्क्यांहून अधिक बायकांना फायब्रॉइड असल्याचे दिसले. त्यातल्या मोठ्या संख्येला त्याचा काहीही त्रास नव्हता. इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीला भयंकर रोग ठरवायचे, तर निम्म्याहून अधिक स्त्रीजात रुग्णशय्येवर टाकावी लागेल!

आणि कॅन्सर? फायब्रॉइड हा कॅन्सर नव्हे. गर्भाशयाच्या स्नायूचा खरा कर्करोग असतो, पण तो अत्यंत दुर्मिळ आहे आणि तो साध्या फायब्रॉइडमधून उपजतो असे वैद्यकशास्त्र मानत नाही. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर तपासणीला एक दिवसही उशीर करू नये, हे खरे. पण तिशीतल्या बाईच्या सोनोग्राफीत छोटी गाठ दिसली की "कॅन्सर होईल" हा शब्द तोंडातून काढणारा डॉक्टर एक तर अडाणी आहे किंवा खोटारडा आहे. दोहोंपैकी कुणाच्याही हाती सुरी असू नये.

गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे, ही एवढी साधी गोष्ट किती जणींना सांगितली जाते? गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षे गुमान पडून राहते. आतल्या अस्तराखाली, पोकळीत डोकावणारी बोराएवढी गाठ मात्र दर महिन्याला रक्ताचा पूर आणते. भिंतीत रुतलेली मोठी गाठ पुढे मूत्राशयावर दाबली की दर तासाला लघवीला जावे लागते, मागे दाबली की शौचाला त्रास होतो. पोकळीचा आकार बिघडवणारी गाठ अनेकदा गर्भ राहू देत नाही किंवा टिकू देत नाही. गरोदरपणात एखाद्या गाठीचा रक्तपुरवठा तुटतो आणि पोटात असह्य कळा येतात. म्हणून रिपोर्ट हाती घेतल्यावर प्रत्येक बाईने विचारायचा पहिला प्रश्न हा: गाठ आत आहे, भिंतीत आहे की बाहेर? आणि दुसरा: मला जो त्रास होतो, तो हिच्यामुळेच होतो हे कशावरून? ज्या डॉक्टरला या दोन प्रश्नांचा राग येतो त्याच्या टेबलावर झोपू नका.

आता याच अन्यायाची दुसरी बाजू. जिच्या गाठीवर खरोखर उपचार व्हायला हवा, ती बाई काय करते? ती सोसते. ती ठाण्याहून किंवा विरारहून सकाळच्या लोकलने निघते, गडद रंगाचाच ड्रेस घालते, ऑफिसच्या खुर्चीवर ओढणीची घडी ठेवून बसते आणि उठताना मागे वळून खुर्चीकडे पाहते. ती गावात घडीवर घडी घेते, रात्रीतून दोनदा उठून बदलते आणि पहाटे कुणी उठायच्या आत चादर धुऊन टाकते. रक्ताच्या गाठी पडतात, पाळी नऊ-दहा दिवस चालते, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चेहरा पांढराफटक पडतो. सासू म्हणते, आमच्या वेळी पण असंच होतं. आई म्हणते, चाळिशीला आलं की असं व्हायचंच. नवरा काहीच म्हणत नाही, कारण त्याला ठाऊकच नसते.

या सोसण्याचा हिशेब आम्ही मांडतो. निरोगी रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिस्राव, असे वैद्यक मानते. फायब्रॉइडवालीचे दोनशे मिलिलिटर गेले, तर महिन्याला शंभर मिलिग्रॅम लोह गेले. आणि अन्नातून शरीर रोज शोषून घेते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. महिनाभरात जमा तीस ते साठ, खर्च शंभर, शिवाय शरीराला रोज लागते ते वेगळेच. कुठल्या पेढीचा व्यवहार असा चालेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. सरकार लोहाच्या गोळ्या वाटते, पालेभाजी खा म्हणून भिंती रंगवते. पण बाई, तुझ्या पाळीत किती रक्त जाते, हे तिला कोण विचारते? गळक्या रांजणात पाणी ओतत बसण्याने रांजण भरत नाही. गळती कुठे आहे ते पाहावे लागते, आणि ती पाहायची तर पाळी हा शब्द तोंडाने उच्चारावा लागतो.

एकीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष आणि दुसरीकडे एका दिवसात सुरी. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. आम्ही म्हणतो, विष एकच आहे. बाईचे गर्भाशय म्हणजे मूल ठेवायची पिशवी. जोवर मूल हवे तोवर ती सांभाळायची, दोन मुले झाली की तिचा उपयोग संपला, मग ती दुखली तर दुखू द्या आणि फारच दुखली तर फेकून द्या! आपल्या घराघरांत गर्भाशयाला "पिशवी" म्हणतात, ते प्रेमाने म्हणत असतील. पण बाजारातून आणलेली आणि काम झाल्यावर खुंटीला लावलेली पिशवी असाच या समाजाने त्या इंद्रियाशी व्यवहार केला आहे.

याचा पुरावा बीडने दिला आहे. २०१९ मध्ये ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्या, देशभर खळबळ उडाली आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा जणींमागे एक! संपूर्ण देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्याच वर्षी आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीडमधल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे आम्ही म्हणत नाही. पण एका जिल्ह्यातल्या एका धंद्यातल्या बायकांचीच गर्भाशये इतरांच्या पाचपट सडतात, हे कोणत्या वैद्यकात बसते?

आणि या जिल्ह्याचे नाव आपण आधीही ऐकले आहे. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. बाईच्या पोटात मुलगी आहे का हे चोरून पाहायला सोनोग्राफीचे यंत्र होते. त्याच पोटात गाठ कुठे आहे हे नीट पाहून बाईला समजावून सांगायला मात्र यंत्र चालवणाऱ्याला पाच मिनिटे नाहीत!

बायका तयार का होतात, त्यांना अक्कल नाही का, असे शहरातले काही सुशिक्षित विचारतात. त्यांनी एकदा उसाच्या फडात जाऊन यावे. दिवाळीच्या आसपास ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने तिथेच राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. पहाटे चारला फडात, तोडायचे, वाढे साळायचे, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. एक दिवस बाई आजारी पडली की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. ना न्हाणीघर, ना संडास, ना धुतलेली घडी उन्हात वाळत घालायला आडोसा. अशा ठिकाणी दर महिन्याला सात दिवस धो धो रक्त जाणारी बाई काय करील? तिला कुणी सांगितले की एका ऑपरेशनमध्ये पाळीची कटकट कायमची संपते, खाडाही होणार नाही आणि कॅन्सरही टळेल, तर ती अंगठा देते. ही संमती नव्हे. गळ्याशी पाणी आलेल्या माणसाने पुढे आलेला हात धरला, मग तो हात कुणाचा हे त्याने पाहिले नाही, एवढेच. त्या बाईला दोष देणाऱ्यांनी आधी साखरेच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब द्यावा.

आणि ऑपरेशननंतर तिच्या शरीराचे काय होते हे तिला कुणी सांगितले का? गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील तर तिशीतच म्हातारपण सुरू. भारतीय बाईची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. ही रजोनिवृत्ती दहा-पंधरा वर्षे आधी लादली जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते एरवीपेक्षा लवकर थकू शकतात. ओट्यावरची ती बाई आम्हाला म्हणाली, "पाळी गेली, कंबर न्हाई गेली." ज्या कंबरेसाठी ती गेली होती ती आजही दुखते. आता तर गुडघेही.

विद्या नव्हती म्हणावे तर विद्या शंभर वर्षे हजर आहे. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीचे गर्भाशय फायब्रॉइडपायी लग्नानंतर लवकरच काढावे लागले. त्यांना मूल झाले नाही. ते दुःख उराशी धरून त्या माणसाने आपली हयात एका ध्यासाला वाहिली: गाठ काढायची, गर्भाशय शिवून जागेवर ठेवायचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ही शस्त्रक्रिया पक्क्या पायावर उभी केली. बाळंतपणात रक्त वाहून मरणाऱ्या बायका पाहून जपानच्या उताको ओकामोटो या संशोधिकेने पतीबरोबर १९६२ मध्ये ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगापुढे आणले. पाळीच्या चार-पाच दिवसांत घ्यायच्या त्या गोळ्या आज कोणत्याही तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळतात. गर्भाशयात बसवायची, संप्रेरक सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू अनेकींचा रक्तस्राव काही महिन्यांत आटोक्यात आणते. ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पोकळीतली गाठ पोटाला एकही छेद न देता, खालून दुर्बीण घालून काढता येते. १९९५ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठाच बंद करता येतो. प्रत्येक उपाय प्रत्येकीला चालत नाही, काहींची किंमत जबर आहे, गाठी पुन्हाही होतात. आणि गाठी फार मोठ्या, फार जास्त, इतर उपायांना न जुमानणाऱ्या असल्या, तर गर्भाशय काढणे हा योग्य आणि जीव वाचवणारा उपचार आहे. समजून-उमजून तो निवडणाऱ्या बाईला कुणी नावे ठेवू नयेत. आमचा झगडा शस्त्रक्रियेशी नाही. पायऱ्या असताना पहिल्याच पायरीवरून कड्याखाली ढकलण्याशी आहे.

कायदाही हजर आहे. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये याचिका केली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले, आणि अनावश्यक किंवा बाईच्या खऱ्या संमतीविना गर्भाशय काढणाऱ्या रुग्णालयांना काळ्या यादीत टाका असेही बजावले. बीडमध्ये त्याआधीच खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली गेली होती. आरोग्य खात्याला आमचा जाहीर सवाल आहे: ती काळी यादी कुठे आहे? या शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवायच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या समित्यांच्या बैठकांची इतिवृत्ते कुठे आहेत? ती जनतेपुढे ठेवा. आणि डॉक्टरांच्या संघटनांनो, तुमच्यातले बहुसंख्य सचोटीने राबतात हे आम्ही जाणतो. म्हणूनच तुमच्यातल्या लुटारूंची नावे तुम्हाला आमच्याआधी माहीत असतात. गप्प बसून तुम्ही कुणाची अब्रू राखता?

गप्प बसण्याचे पाप आमच्याही धंद्याचे आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये "समाजस्वास्थ्य" हे मासिक काढले, बाईच्या शरीराविषयी शुद्ध मराठीत लिहिले, त्यासाठी खटले भोगले, दंड भरले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते मासिक चालवले. ते निघाल्याला शंभर वर्षे होत आली, तरी मराठी वर्तमानपत्रांना पाळी हा शब्द पुरवणीच्या कोपऱ्यात लपवावा वाटतो. म्हणून तो आम्ही आज इथे, अग्रलेखाच्या जागी, छापला आहे.

पुरुषांनो, तुमच्या घरात चादर पहाटे का धुतली जाते हे विचारा. तासा-दोन तासांत पॅड भिजते का, सात दिवसांपुढे पाळी जाते का, गाठी पडतात का, हे विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. सोनोग्राफीचा कागद घरी येईल तेव्हा तो दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, शक्यतो जिल्हा रुग्णालयात. फायब्रॉइडसाठी आजच्या आज ऑपरेशन करावे लागेल अशी वेळ क्वचितच येते. "आत्ताच्या आत्ता पैसे भरा" असे जो म्हणतो त्याच्या दारातून उठून या.

आता सरकारकडे एकच मागणी, आणि ती पुढच्या हंगामाच्या आत. ट्रक दिवाळीच्या आसपास निघतात. त्याच्या कितीतरी आधी मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचे नाव, गाव आणि उचलीचा आकडा लिहिला गेलेला असतो. एकही नाव सुटत नाही, कारण तिथे पैसा गुंतलेला असतो. त्याच नावांपुढे आरोग्य खात्याने दोन रकाने काढावेत: बाईचे हिमोग्लोबिन किती आणि पाळी किती दिवस जाते. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायला एक मिनिट लागते, प्रश्न विचारायला त्याहून कमी. जिचे रक्त सातच्या खाली आहे तिला त्या वर्षी फडात पाठवता कामा नये, तिच्या खाड्याचे पैसे कारखान्याने भरावेत, आणि तिची सोनोग्राफी सरकारी दवाखान्यात होऊन तिचा अर्थ तिला तिच्या बोलीत सांगितला जावा. बीड, धाराशिव, अहिल्यानगर, जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मुकादमांच्या वह्या आजच मागवाव्यात.